धाकटीचं नाक

आमच्या धाकटीचं नाक गेलं, असं मी म्हटलं की लोक एकदम आवाज खाली आणतात. त्यांना वाटतं, घराण्याची अब्रू गेली. तसलं काही नाही. नाक जागेवर आहे, आमच्या वडिलांसारखं, सरळ आणि जरा जास्तीचं. फक्त त्याला वास यायचा बंद झाला. पण जिचं पोट नाकावर चालतं, तिचं नाक बंद पडणं म्हणजे वेल्डरचे डोळे जाणं. मी वेल्डर आहे, मला विचारा.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. तिची गोष्ट लोक हल्ली इकडेतिकडे सांगतात, पण अर्धवट सांगतात, आणि त्या अर्धवट गोष्टीत मी नसतो. म्हणून म्हटलं आपणच लिहावी. शाळा मी लवकर सोडली. त्यात शाळेचं काय नुकसान झालं ते शाळेला माहीत. पण लिहिता येतं मला, आणि खोटं लिहायची गरज पडत नाही, कारण आमच्या घरात खरंच एवढं भारी घडतं.

तर धाकटी एका हॉटेलात कामाला. पुढे बसायची खोली, मागे मोठं अंगण, अंगणात एकच झाड आणि त्याखाली टेबलं. उन्हाळ्यात सगळं गिऱ्हाईक मागे बसतं आणि निखाऱ्यावर भाजलेलं खातं. ती तिथे लागली ग्लास धुवायला. पण धुण्याआधी प्रत्येक ग्लास नाकाशी धरायची. आचारी ओरडायचा, "अगं, धुवायचेत ते! हुंगायचे नाहीत!"

एक दिवस मालकीणबाईंनीच बघितलं. म्हणाल्या, "काय शोधतेस त्यात?"

"कुणी काय टाकलंय ते," धाकटी म्हणाली. "ती काळपट लाल वाइन आहे ना, ती मटणाच्या टेबलावर संपते. मिरचीच्या सॉसेजच्या टेबलावर रोज उरते. तिखटावर ती जाळते. लोक बिचारे पैसे देतात आणि पाणी पितात."

मालकीणबाई धंद्याच्या बाई. त्यांनी तिला ग्लासाच्या त्या बाजूला नेलं, म्हणजे भरायच्या. दोन-चार उन्हाळे गेले आणि निखाऱ्याच्या जेवणाबरोबर कुठली लाल वाइन ठेवायची हे धाकटी ठरवायला लागली. मला कुणी विचारलं, बहीण काय करते, तर मी छाती काढून सांगायचो, "वाइनचा वास घेते." लोक हसायचे. हसू देत. त्यांच्या घरात कुणाच्या नाकाला पगार आहे का?

आता माझा भाग. मी खिडक्यांची ग्रिल बनवतो. गेट, जिने, कठडे, सगळंच, पण ग्रिल ही माझी खासियत. या भागात जिथे जिथे खिडकीला वेल आणि फुलं दिसतील, तिथे समजा माझा हात फिरलाय. धाकटीने मालकीणबाईंना माझं नाव सांगितलं. त्यांचा फोन आला. "मिस्त्री, उन्हाळा आलाय तोंडावर. ग्रिल हवंय. चांगलं जाड, मजबूत."

म्हटलं, "केवढं?"

"वीसेक माणसांना पुरेल एवढं."

मला वाटलं, मोठी खिडकी असेल, वीस माणसं हवा खायला उभी राहत असतील. श्रीमंतांचं काय सांगावं. मी माझं सर्वात भारी डिझाइन काढलं, मधोमध फूल, चारी कोपऱ्यांत वेल. हातगाडीवर घालून नेलं. मालकीणबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, हे कोळशावर कसं ठेवायचं?"

धाकटी हसून हसून खाली बसली. "अरे दादा, मांस भाजायचं ग्रिल! जाळी! खिडकीचं नाही रे!"

दुसरा कुणी असता तर माल परत घेऊन गेला असता. मी विटा मागवल्या. विटांचा चौथरा रचला, त्यावर माझी खिडकी आडवी टाकली, खाली निखारे. रंग लावायचा राहिला होता म्हणून बरं. त्या दिवशी मटणाच्या चापा निघाल्या त्या प्रत्येकीवर फूल उमटलेलं. लोक ताट समोर आलं की आधी बघायचे, मग खायचे. आता सगळं गाव म्हणतं, फुलाच्या चापा. ती चूक होती असं म्हणणारे म्हणोत. आणि ती जाळी माझी, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी तिच्यापुढे चिमटा घेऊनही मीच उभा राहतो. दुसऱ्याच्या हाताला ती वळत नाही.

तर असं सगळं छान चाललेलं. मग त्या थंडीत धाकटीला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

आम्हाला कळलं ते दुधामुळे. सकाळी चुलीवर दूध उतू गेलं, आटलं, करपलं, घरभर धूर. मी वरच्या मजल्यावरून धावत खाली आलो, तर ही चुलीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे केस विंचरतेय.

आई ओरडली, "अगं तुला नाक आहे की नुसती शोभा?"

धाकटीने मागे वळून पातेलं बघितलं. उठून कॉफीचा डबा उघडला, त्यात तोंड घातलं. मग साबण. मग रॉकेलची बाटली. मग माझा कामाचा शर्ट खुंटीवरून काढून नाकाशी दाबून धरला.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या शर्टाचा वास येत नाहीये."

"नशीबवान आहात, वन्सं," माझी बायको म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. धाकटी हसली नाही. शर्ट तसाच धरून उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. कदाचित नाही. एवढ्यासाठी ते फी घेतात.

आई म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. ग्लास नाकाशी धरायचा, मान हलवायची. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," धाकटी म्हणाली. आणि जेवणसुद्धा न करता हॉटेलात गेली. मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण मोठ्या भावाला बोलवावं लागतं का?

तिने मालकीणबाईंना उभ्या उभ्या सांगितलं. "बाई, माझा वास गेलाय. परत येईल की नाही माहीत नाही."

मालकीणबाईंनी दार लावून घेतलं. "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"मग इथेच ठेव. अगं, वास न येणारी बाई वाइन निवडते हे कळलं तर लोक हसतील मला. यंदा उन्हाळ्याच्या बाटल्या बुचवाल्यांना निवडू दे. तू पुढे दारात उभी राहा, आल्यागेल्याला बसव. पगार तोच राहील."

बुचवाले म्हणजे हॉटेलला बाटल्या पुरवणारे एजंट. किल्ल्यांच्या जुडग्याला बूच काढायचा स्क्रू लटकवलेला, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. माणूस वाईट नाही, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय.

"दारात उभं राहायला हसरा चेहरा लागतो," धाकटी म्हणाली. "माझा नाही तसा."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"उन्हाळा सुरू व्हायच्या पहिल्या दुपारी तुम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावता. त्या दिवशी त्यांच्याही बाटल्या ठेवा, माझ्याही ठेवा. नाव कुणाचं सांगू नका. शेवटी उरलेलं बघा. माझं उरलं तर मी दारात उभी राहीन. हसत."

मालकीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्या घराण्यात एकदा बोललं की..."

"मिस्त्री, तुम्ही गप्प बसा," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. पहिली दुपार."

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की तुझं नाक गेलं तर गेलं, माझं वापर. माझ्यासारखं नाक या गल्लीत नाही. वायर जळायच्या आधी मला वास येतो. तिने एक बाटली उघडली, थोडी ओतली, ग्लास माझ्यापुढे धरला.

"काय येतंय?"

मी लांब श्वास घेतला. "लाल."

"दादा, लाल हा वास नसतो."

"मग दारूचा."

"नीट घे. फळ? फूल? लाकूड?"

"लोखंड कापल्यावर येतो तसा येतोय."

तिने दुसरी उघडली. त्यालाही मला लोखंडच आलं. तिसरीला मी विचार करून "गंज" म्हटलं. तिने ग्लास काढून घेतला. "दादा, तुझं नाक फक्त वर ठेवायला आहे." मला वाईट वाटलं नाही. वर ठेवायलाही कुणीतरी लागतंच.

पण गोष्ट पुढे सरकली ती माझ्यामुळेच. तिने एका बाटलीतला घोट तोंडात धरला आणि तिचे डोळे मोठे झाले. गिळून म्हणाली, "हिरड्या आवळून आल्या. जीभ धरून ठेवलीय कुणीतरी. दादा, हे आहे! हे गेलेलं नाही!"

मी खिशातून हत्यार काढून दाखवलं. "हे का?"

ती बघत राहिली. "पकड!" म्हणाली. "बरोबर. पकडच."

एजंट लोक त्याला टॅनिन म्हणतात. आमच्या घरात त्याला पकड म्हणतात, आणि शब्द माझा आहे.

त्यानंतर ती रोज जेवणाच्या टेबलावर बाटल्या मांडून बसायची. वास नाही तर नाही. आंबट कळत होतं, गोड कळत होतं, कडू कळत होतं, दारूचा चटका कळत होता, पकड कळत होती. एक घास, एक घोट, आणि बोलत राहायची. चरबीवाल्या चापेला पकड हवी, चरबी जिभेवरून सोडवायला. तिखट सॉसेजला पकड नको, चटका त्याहून नको, त्याला हलकी, रसाळ, जरा गोडसर वाटणारी. भाजलेल्या वांग्याला आणि मश्रूमला आंबूस. आई जेवायला बसायची आणि म्हणायची, "मला कशाबरोबर काय हवं ते कुणी विचारत नाही." तिला धाकटी सॉसेजवाली द्यायची. आई नको नको म्हणत ग्लास पुढे करायची.

आणि थंड करण्याचं. लाल वाइन खोलीतल्या गरमीला प्यावी म्हणतात. कुणाच्या खोलीतल्या? माझ्या वर्कशॉपमध्ये या, पत्र्याखाली, उन्हाळ्याच्या दुपारी. तिथे वाइनचा काढा होतो. धाकटी हलक्या बाटल्या बर्फपाण्याच्या बादलीत उभ्या करायची, काच बाहेरून ओली झाली की काढायची. दांडग्या फक्त सावलीत, ओल्या फडक्यात. "पकडवाली जास्त थंड केली की पकड आणखी आवळते," म्हणायची. "तुझ्या नटासारखी."

पहिली दुपार आली. ऊन असं की टेबलावर हात ठेवता येत नव्हता. अंगण भरलेलं. मी जाळीपुढे चिमटा घेऊन, नवा शर्ट घालून. बुचवाल्यांनी तिखटासाठी एक मऊशी वाइन आणलेली, आणि चापांसाठी दोन दांडग्या, काळ्याशार. धाकटीच्याही चापांसाठी दांडगीच होती. सॉसेजसाठी तिच्या हलक्या बाटल्या झाडाखाली बादलीत.

सॉसेज गेले, बरे गेले. मग धाकटीने चापांसाठी तिची दांडगी उघडली आणि पहिल्या टेबलावर ओतली. बुचवाले शेजारीच उभे होते. त्यांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि हळूच म्हणाले, "ताई, माफ करा. ही बुचाची आहे."

"म्हणजे?" मी लांबून विचारलं.

"बूच बिघडलंय. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

मी त्या माणसाला मघाशी वाईट नाही म्हटलं ते यासाठी. तो खरं बोलत होता, आणि मोठ्याने बोलत नव्हता. पण टेबलावरच्यांनी ऐकलं. त्यांनीही ग्लास हुंगले. "हो की. शी."

धाकटीने ग्लास घेतला. सवयीने नाकाशी नेला. काहीच आलं नाही, मला इथून दिसत होतं. मग घोट घेतला. तिचा चेहरा काही बदलला नाही. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी नुसती मान खाली घातली. मला कळलं, आता दार.

धाकटी खुर्ची ओढून तिच्यावर चढली.

"मंडळी," ती म्हणाली, आणि आवाज आमच्या आईचा, गल्लीच्या टोकाला पोचणारा. "ही बाटली खराब निघाली. बुचवाल्यांनी सांगितलं म्हणून कळलं, त्यांचे आभार. मला कळलं नाही, कारण थंडीत ताप आला तेव्हापासून मला वास येत नाही. अजिबात. लपवायला सांगितलं होतं, मी लपवणार नाही. ते ग्लास ओतून टाका, मी दुसरी उघडते. आणि आजपासून इथे प्रत्येकाने आपापलं नाक वापरायचं. ओला पुठ्ठा, भिजकं फडकं, असलं काही आलं तर हाक मारायची. नाक तुमचं, जीभ माझी. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी पाणी आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बिननाकाची वाइनवाली!" आणि दोघंचौघं हसले.

मी चिमटा घेऊन तिकडे गेलो. "कोण बोललं?"

"अहो मिस्त्री, गंमत केली."

"गंमत उभं राहून करा. बघू दे कुणाचं नाक किती मोठं आहे ते. माझ्या बहिणीने चार उन्हाळे तुमच्या जिभेला वळण लावलं, नाहीतर सॉसेजबरोबर काय वाटेल ते पीत होतात..."

"दादा!" धाकटी खुर्चीवरून ओरडली. "धूर! मागे बघ!"

मी मागे बघितलं. सगळ्या चापा एकदमच जाळीवर होत्या. चरबी निखाऱ्यावर पडून जाळ झालेला. अंगणातल्या सगळ्या नाकांना वास आला होता, पण मी बोलत होतो म्हणून कुणी सांगितलं नाही. दिसलं ते तिला एकटीला.

मी धावलो, चापा उतरवल्या. फुलं काळीठिक्कर. मालकीणबाई धावत आल्या. "मिस्त्री! करपवलंत!"

"करपलं नाही, बाई," मी म्हटलं. "खरपूस आहे."

"दुसरं मांस नाही हो घरात!"

म्हटलं, वाढा तेच. आत लाल असतं, बाहेरचं साल कडू. मांडल्या चापा ताटात. बुचवाल्यांनी त्यांची काळी दांडगी ओतली, ठरल्याप्रमाणे. धाकटीने तिची दुसरी बाटली उघडली होती, ती ओतायला वाकली, आणि थांबली. एका ताटातला तुकडा तोडला, तोंडात टाकला, चावला, वरून तिच्याच वाइनचा घोट घेतला. आणि असं तोंड केलं, जसं लहानपणी मी तिला कडुनिंब चाखायला दिला होता तेव्हा केलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "ही नको. त्यांचीही नको. साल कडू झालंय, त्यावर पकड दिली की दोन कडू एकमेकांच्या गळ्यात पडतात. ग्लास बाजूला करा."

"पण चापांना दांडगीच लागते, ताई," बुचवाले म्हणाले.

"चापांना लागते. या चापांना नाही. या दादाच्या आहेत."

लोक हसले, पण वेगळं हसले. तिने बादलीतल्या हलक्या बाटल्या काढल्या, सॉसेजसाठी ठेवलेल्या, काच ओली, हाताला गार. टेबलामागून टेबल ओतत गेली. "आधी हुंगा. बोला, काय येतंय?"

"चेरी?" एक बाई म्हणाल्या.

"असेल. पुढे."

"गुलाबासारखं काहीतरी."

"चालेल. आता खा, मग प्या."

खाल्लं. प्यायले. मग पुन्हा खाल्लं. गार, रसाळ, पकड नावापुरती. कडू साल त्याच्याखाली गप्प बसलं आणि आतलं मांस बोलायला लागलं. हे मी माझं म्हणून सांगत नाही, मी उभ्या उभ्या करपलेली चाप खाऊन बघितलीय. बुचवाल्यांनीही घोट घेतला, दुसरा घेतला, मग बाटली फिरवून चिठ्ठी वाचली.

"अहो, ही तर मीच विकलेली तुम्हाला!"

"हो," धाकटी म्हणाली. "सॉसेजसाठी म्हणाला होतात."

"तुम्हीपण सॉसेजसाठीच ठेवली होतीत."

"मीपण," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. अगदी दारात उभं राहण्याइतकी.

जेवणं उरकल्यावर मालकीणबाई टेबलांमधून फिरल्या. बुचवाल्यांच्या काळ्या बाटल्या अर्ध्या. धाकटीची दांडगीही अर्धी. झाडाखाली बादली, आणि बादलीत नुसतं पाणी. त्या बादलीपाशी येऊन थांबल्या.

"ही बादली कुणाची?"

"माझी," धाकटी म्हणाली.

"मग उन्हाळा तुझा." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "पण बूच बिघडलेलं कोण ओळखणार?"

"एवढी नाकं बसलीयत अंगणात, बाई. सगळी फुकट."

"माझंही आहे," मी म्हटलं.

"मिस्त्री, तुम्ही चापांकडे बघा," दोघी एकदम म्हणाल्या.

आता तिथे असंच चालतं. धाकटी ग्लास ओतते, हात कमरेवर ठेवून उभी राहते आणि गिऱ्हाइकाला विचारते, काय येतंय. आधी लाजायचे, आता भांडतात. कुणाला मनुका येतात, कुणाला आजोबांचा कोट. ती ऐकून घेते, एक घोट घेते, ताटाकडे बघते आणि सांगते हे हवं, हे नको. परवा एक सूटबूटवाला म्हणाला, "वास येत नाही तर तुम्हाला कळतं कसं?" ती म्हणाली, "तुम्हाला वास येऊन कळलं का?" त्याने दुसरी बाटली मागवली. तो 'बिननाकाची' म्हणणारा दर सुट्टीला येतो. त्याला ती सर्वात शेवटी वाढते, आणि त्याची चाप मी स्वतः भाजतो. खरपूस.

वास अजून आलेला नाही. डॉक्टरांकडे आम्ही परत गेलो नाही. आई दूध तापवताना स्वतः उभी राहते. आणि गल्लीत कुणी भेटलं की विचारतं, "काय मिस्त्री, बहिणीचं नाक आलं का परत?"

मी म्हणतो, "गेलं कधी होतं?"